दरवाजे उजळले, गल्ल्यांचं काय?

खडकीकर
परवा पाहुण्यांना रात्री आपलं शहर, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), दाखवायला निघालो. भडकल दरवाजापाशी थांबलो. १६१२ साली निजामशाहीच्या मलिक अंबरनं बांधलेला. पाहुण्यांनी दोन फोटो काढले आणि विचारलं, "आता पुढं काय?" पुढं काहीच नव्हतं. स्मार्ट सिटीच्या पैशातून काही दरवाज्यांची डागडुजी झाली, चांगलंच झालं. पण आत गुलमंडी-सिटी चौकात रात्री नऊनंतर शटर खाली.

माझं म्हणणं असं की जुन्या शहरातल्या बंद पडलेल्या सरकारी इमारती नाटकवाल्यांना, विणकरांना, मुशायरे-कव्वालीवाल्यांना नाममात्र भाड्यानं द्याव्यात. कोचीत २०१२ पासून बिनाले, म्हणजे कलेचं मोठं प्रदर्शन, भरतं, ते मसाल्याच्या जुन्या वखारींतच. वेरूळ-अजिंठा महोत्सव मला आवडतो, पण मांडव उठला की गावाला त्याचा काय उपयोग? पटतंय का बघा.

टँकरचा_नंबर
नाही पटत. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे पंचांगातही सापडत नाही. जायकवाडी इतकं जवळ आणि ही गत. धरण उशाला, कोरड घशाला. कव्वाली ऐकायला येणारा माणूस प्यायला पाणी मागेल, तेव्हा काय देणार, दाद?

आता कोणीतरी स्पेनमधल्या बिल्बाओचं उदाहरण देईलच, म्हणून आधीच सांगतो. गुगेनहाइम संग्रहालय उघडलं १९९७ मध्ये. मेट्रो त्याच्या आधी, १९९५ मध्ये सुरू झाली, आणि घाण झालेली नदी साफ करायला त्याही आधीपासून हात घातला होता. लोक फक्त चकचकीत इमारतीचा फोटो टाकतात. लांब कशाला जाता, तुमच्या मलिक अंबरनं नुसता दरवाजा नाही बांधला, शहराला पाणी देणारी नहरही आणली.

गोदाकाठचा
नांदेडहून लिहितोय. २००८ ला गुरु-ता-गद्दीची, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद दिल्याची, त्रिशताब्दी झाली तेव्हाचं नांदेड ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचा पैसा आला, रस्ते झाले, विमानतळ सुधारला. सोहळ्याची तारीख ठरलेली होती, म्हणून कामं उरकली. नाहीतर फाइली अजून फिरत असत्या. त्यामुळं 'आधी पाणी, मग कला' हे मला तितकंसं पटत नाही. कधी कधी उत्सवच पाणी आणतो.

पण गुरुद्वारा परिसर रुंद करताना काहींच्या जागाही गेल्या. हे सांगितलं नाही तर अर्धं खरं होईल.

टँकरचा_नंबर
@गोदाकाठचा, जगभरातून भाविक येणार होते, म्हणून दिल्लीनं लक्ष दिलं. एकांकिकेसाठी कोण देणार?

मागावरची
माझं माहेर हिमरूवाल्यांचं, म्हणजे हिमरू शाली विणणाऱ्यांचं, म्हणून राहवत नाही. तुम्ही सगळे 'विणकरांना जागा' म्हणायलेत, विणकरांना कोणी विचारलं का? आता खरा हातमाग बघायचा तर शोरूमच्या कोपऱ्यात. गिऱ्हाईक आलं की एक म्हातारा धोटा फेकून दाखवतो, आणि शाल विकली जाते मशिनवरची. ह्यालाच 'संस्कृती' म्हणणार असाल तर आम्हाला नको.

दुसरं. परिसर सुधारला की भाडं वाढतं. आधी चहाची टपरी उठते, मग पतंगवाला, मग आम्ही. मागं उरतो तो कॅफे, आणि त्याच्या भिंतीवर आमच्या आज्याचा फ्रेम केलेला फोटो.

खडकीकर
भाड्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, मान्य करतो. करार लांब मुदतीचा हवा आणि भाडं बांधलेलं हवं, नाहीतर मी स्वतःच विरोध करीन.

पाण्यावर मात्र एक बोलतो. पाणी येईपर्यंत थांबा म्हणता, तेवढ्यात पोरं निघून जातात. 'जिगीषा' ही नाट्यसंस्था ह्याच शहरात उभी राहिली आणि मुंबईला गेली. मोठी नावं सोडा. आमचा ग्रुप एका मित्राच्या गच्चीवर तालीम करायचा. खालच्या काकू पहिल्या अंकापर्यंत गप्प बसायच्या, दुसऱ्या अंकाला झाडू घेऊन वर. मग पार्किंगमध्ये, मग मंगल कार्यालयाच्या मागे, तिथं लग्नाची तारीख लागली की आमची सुट्टी. आमचा सगळ्यात चांगला प्रकाशयोजनाकार आता पुण्यात आहे. त्याला पाण्याची टंचाई नडली नाही हो, एक खोली नडली. सतरंजी, चार दिवे, कुलूप. ह्याला किती कोटी लागतात?

टँकरचा_नंबर
खोलीला माझा विरोध नाही. रोषणाई, कारंजी आणि सेल्फी पॉइंटला आहे. पैठणचं ज्ञानेश्वर उद्यान आठवा, किती हौसेनं केलं आणि पुढं काय झालं. खोलीची देखभाल कोण करणार ते आधी लिहून घ्या. आणि गच्चीवर टाकी ठेवा.

मागावरची
खोली देणारच असाल तर तळमजला द्या. आमचा खड्डामाग आहे, जमिनीत पाय सोडून बसावं लागतं. वरच्या मजल्यावर चालत नाही.