फरशी तापायला लागली की वरचे रेडिएटरही तापतात. दोन्ही वेगळे कसे करायचे?

नमस्कार मंडळी,

घर दुमजली आहे. खाली अंडरफ्लोअर हीटिंग, वर साधे रेडिएटर, बॉयलर एकच. थर्मोस्टॅट मात्र दोन: एक खालच्या बैठकीत, एक वरच्या पॅसेजमध्ये. त्यामुळे दोन्ही मजले आपापले चालतात असंच आम्ही धरून चाललो होतो. बसवणाऱ्यानेही तसंच सांगितलं होतं.

सासूबाई वर झोपतात. त्यांना उकाडा अजिबात सोसत नाही, म्हणून वरचा थर्मोस्टॅट मी रात्री १६ वर ठेवते. तरी त्या रोज तक्रार करायच्या आणि मला वाटायचं, वयामुळे होत असेल. परवा पहाटे तीनला त्यांच्या खोलीत गेले. खिडकी सताड उघडी, आणि तिच्याच खाली रेडिएटर इतका तापलेला की हात टेकवेना. वरच्या थर्मोस्टॅटवर ज्योतीची खूण (म्हणजे तो उष्णता मागतोय) नव्हती. खालच्यावर होती. त्यांचं ऐकलं नाही याचं फार वाईट वाटलं.

उलट मात्र होत नाही. फक्त वरचं लावलं तर फरशी गारच राहते.

खाली मॅनिफोल्डवर (जिथून फरशीच्या नळ्यांना पाणी वाटलं जातं) सहा लूप, म्हणजे नळ्यांची वेटोळी आहेत, प्रत्येकावर पांढरा ॲक्चुएटर, म्हणजे विजेवर उघडझाप करणारी टोपी. शेजारी वेगळा पंप आणि गरम पाण्यात गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह, तो ४० वर लावलेला. बॉयलरचं पाणी ६५ वर. थर्मोस्टॅट बदलायचा का? बसवणारा म्हणतो, स्मार्ट थर्मोस्टॅट घ्या, सगळं सुटेल.

प्रतिसाद १

ताई, थर्मोस्टॅट बदलू नका. पैसे जातील आणि रेडिएटर तसेच तापत राहतील.

"उलट मात्र होत नाही" असं तुम्ही लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. थर्मोस्टॅट फक्त मागणी करतो, पाणी अडवणं त्याच्या हातात नसतं. पाणी अडवतो तो व्हॉल्व्ह. फरशीकडे सहा ॲक्चुएटर आहेत, ते मागणी नसली की बंद होतात, शिवाय पंपही थांबतो. म्हणून फरशी गार राहते. रेडिएटरच्या शाखेवर बहुधा असं काहीच नाही. तुमचा वरचा थर्मोस्टॅट थेट बॉयलरला सांगतो, "चालू हो", एवढंच. फरशीने मागितलं की बॉयलर पेटतो, त्याचा पंप पाणी ढकलतो आणि ते वाट मोकळी दिसेल तिकडे, म्हणजे रेडिएटरमध्येही जातं.

खात्री करून घ्या. दोन्ही थर्मोस्टॅटवरचं तापमान कमी करा, सगळं गार होऊ द्या. मग फक्त खालचा वाढवा. ॲक्चुएटर उघडायला तीन-चार मिनिटं लागतात, तेवढं थांबा. नंतर बॉयलरजवळ जिथे नळी दोन फाट्यांत फुटते तिथे रेडिएटरच्या फाट्याला हात लावून बघा, आणि ती नळी वर जाईपर्यंत डोळ्यांनी माग काढा. तिच्यावर तार जोडलेला चौकोनी डबा, म्हणजे व्हॉल्व्हची मोटर, दिसतो का?

मूळ प्रश्नकर्ती

आज केलं. दहा मिनिटांत रेडिएटरचा फाटा चांगलाच तापला. माळ्यापर्यंत नळी तपासली, डबा कुठेच नाही. सासूबाईंच्या रेडिएटरला तापमानाचा नॉबही नाही, साधी चावी आहे.

प्रतिसाद १

मग नक्की झालं. रेडिएटरच्या फाट्यावर मोटरवाला टू-पोर्ट झोन व्हॉल्व्ह (त्या फाट्याचं पाणी सोडणारा-अडवणारा) बसवून घ्या. जोडणी अशी हवी: वरचा थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच्या मोटरला वीज देणार, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की त्याच्या आतला स्विच बॉयलरला सांगणार. थर्मोस्टॅटची बॉयलरला जाणारी जुनी थेट तार काढायलाच हवी, नाहीतर व्हॉल्व्ह उघडायच्या आधीच बॉयलर पेटेल. फरशीच्या वायरिंग सेंटरची (जिथे खालचा थर्मोस्टॅट, ॲक्चुएटर आणि पंप यांच्या तारा जोडतात तो डबा) मागणी त्या स्विचला समांतर जोडलेली राहू द्या, म्हणजे दोघांपैकी कोणीही मागितलं तरी बॉयलर चालेल.

दोन गोष्टी कारागिराला आठवणीने विचारा. वाटा बंद होत गेल्या की बॉयलरमधून किमान प्रवाह राहावा म्हणून बायपास (पाणी परत बॉयलरकडे नेणारी आडवाट) लागतो का, ते बॉयलरच्या पुस्तिकेत असतं. आणि पाणी काढून पुन्हा भरताना गंजरोधक रसायन परत घालायचं. हे बरेच जण विसरतात, मग वर्षभराने रेडिएटरमधून काळा गाळ निघतो. विजेचं काम जाणकाराकडूनच करून घ्या.

प्रतिसाद २

वरचं निदान बरोबर आहे. मी वेळापत्रकाबद्दल लिहितो, कारण व्हॉल्व्ह बसल्यावर पुढची तक्रार तिथून येते.

रेडिएटर वीस मिनिटांत खोली गरम करतो. काँक्रीटच्या थरातली फरशी तासन् तास घेते आणि बंद केल्यावरही तितकाच वेळ उष्णता सोडत राहते. दोघांना एकच वेळापत्रक दिलं तर कोणीतरी कायम चुकीच्या वेळी गरम असतं. माझ्याकडे रात्री फरशी फक्त २ अंशांनी खाली येते, पूर्ण बंद कधीच नाही. सकाळी सातला ऊब हवी तर ती तीनलाच चढायला लागते. रेडिएटर मात्र साडेसहाला लागतात आणि आठला बंद.

आणखी एक. फक्त फरशी चालू असताना बॉयलर ६५ वर तापवून मिक्सिंग व्हॉल्व्हने पुन्हा ४० वर आणणं म्हणजे उगाच इंधन घालवणं. बॉयलर कंडेन्सिंग (धुरातल्या वाफेचीही उष्णता वापरणारा) असेल तर परतीचं पाणी साधारण ५५ च्या खाली असल्याशिवाय त्याचा खरा फायदा मिळत नाही. तुमचे रेडिएटर ५५ वर पुरतात का, एकदा करून बघा.

मूळ प्रश्नकर्ती

तीन आठवड्यांनी लिहितेय. व्हॉल्व्ह एका दुपारीत बसला. बायपास लागला, तोही बसवला. आता फरशी रात्रभर हळू चालू असते आणि वरच्या नळीला हात लावला तर ती गार असते. मी रोज लावून बघते! सासूबाईंच्या खोलीत १८ असतं, खिडकी बंद.

बॉयलर ५५ वर आणलाय, वरच्या खोल्या तापायला थोडा जास्त वेळ लागतो पण तापतात. एकच अडचण राहिली: वरच्या न्हाणीघरातला टॉवेल वाळवायचा रेडिएटर त्याच फाट्यावर आहे, तो पूर्वी पहाटे आपोआप गरम असायचा, आता गार.

प्रतिसाद २

तो आत्तापर्यंत फरशीच्या मागणीवरच फुकट तापत होता. वरचा थर्मोस्टॅट सकाळी पाऊण तास २० वर लावा, सासूबाईंच्या रेडिएटरला तापमानाचा नॉब बसवून तो कमी ठेवा. पॅसेजमधल्या रेडिएटरला मात्र तसा नॉब लावू नका, तिथे थर्मोस्टॅट आहे. दोघंही एकाच हवेवर नियंत्रण ठेवू लागले तर नॉब आधी बंद होईल आणि थर्मोस्टॅट मागतच राहील.