बांधकाम साइटवरच्या २६ मुलांसाठी महिना ६,००० रुपयांत काय करावं? सल्ला हवाय

पारिजात_सडा
नमस्कार मंडळी. पुण्याजवळ मोशीच्या बाजूला राहते. आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे चार टॉवरचं काम चालू आहे. पत्र्याच्या खोल्यांमध्ये साठेक कुटुंबं आहेत. काही परभणी-नांदेडची, बरीच छत्तीसगडची, थोडी बुंदेलखंडातली. मी आणि मजल्यावरच्या दोघी सलग दोन रविवार खोली-खोली फिरलो आणि वहीत लिहून आणलं. सहा वर्षांखालची मुलं २६, त्यात तीनच्या वरची १४. अंगणवाडीत एकही जात नाही. नऊ जणांचं लसीचं कार्ड गावी राहिलंय किंवा हरवलंय. दोघी गरोदर आहेत, त्यातल्या एकीला सातवा लागलाय आणि अजून कुठेच नाव घातलेलं नाही. एक दीड वर्षाचा मुलगा अजून धड बसत नाही, हात अगदी काडीसारखे. तो डोळ्यांपुढून हलत नाही.

आम्ही पाच घरं मिळून महिना ६,००० काढतोय. याच्या वर एक रुपया जमणार नाही, हे आधीच सांगते. जागा नाही, क्लबहाऊस द्यायला सोसायटीने नकार दिलाय. अंगणवाडी आहे, पण साधारण ९०० मीटरवर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. आया सकाळी आठला कामावर जातात त्या सहाला येतात.

मला जे दिसतंय ते असं: अंगणवाडी आहे, लस आहे, रेशन आहे, दवाखाना आहे, कामगार मंडळही आहे. पण प्रत्येकाची खिडकी वेगळी, कागद वेगळे, वेळ वेगळी, आणि सगळ्या खिडक्या त्या बाईच्या हजेरीच्या वेळातच उघड्या. मग हे पैसे कशावर घालू? स्वतःचा छोटा वर्ग काढू, खाऊ देऊ, की मध्ये कुणी माणूस नेमू?

घाटमाथा
जागेशिवाय काहीही होत नाही, हे पहिलं लक्षात घ्या. आमच्या कंपनीने गेल्या वर्षी एका साइटवर कंटेनरची खोली करून दिली. पंखे, भिंतीवर चित्रं, खाली रबरी चटई. सगळं मिळून चार लाखांच्या आत बसलं. मुलं आनंदाने येतात. मी स्वतः उभा राहून करून घेतलंय. फोटो हवे असतील तर मला निरोप पाठवा.

पारिजात_सडा
घाटमाथा, खोली छानच झाली असणार. पण आमचे महिना ६,००० आहेत.

चिंचेचा_कोळ
ताई, वर्ग काढू नका. मी काढला होता. पार्किंगमध्ये, आठ महिने, रोज दोन तास, बावीस मुलं. गाणी, रंग, बिस्किटं, वाढदिवससुद्धा. मग स्लॅबचं काम संपलं आणि एका आठवड्यात वस्ती उठली. त्या मुलांपैकी एकाचंही नाव मी कुठल्या रजिस्टरला घालून दिलं नव्हतं. लसीचं विचारलं नव्हतं, वजन केलं नव्हतं. ती पुढच्या साइटवर गेली ती पुन्हा कोऱ्या पाटीनेच. आठ महिने माझ्या हाताशी होती ती. अजून वाईट वाटतं. नाव नोंदवण्याचं काम आधी करा, गाणी नंतर.

दूधभाकरी
पोटात अन्न नसेल तर नोंदणी काय कामाची? रोज एक उकडलेलं अंडं द्या. २६ मुलं, महिन्याचे २६ दिवस, अंडं सात रुपये धरा, ४,७३२ रुपये. तुमच्या बजेटमध्ये बसतंय. आमच्या गल्लीत आम्ही दोन वर्षं देतोय, मुलांच्या गालांवर फरक दिसतो.

राजगिरा_लाडू
अंडं सगळे खात नाहीत. आणि उन्हाळ्यात उकडून ठेवलेलं अंडं दुपारपर्यंत टिकतं का? शेंगदाणा-गुळाचा लाडू द्या, केळं द्या.

दूधभाकरी
छत्तीसगडची मंडळी अंडी खातात, मी स्वतः विचारलंय. उगाच आपल्या घरच्या सवयी त्यांच्यावर लादू नका. आणि सहा-आठ महिन्यांच्या बाळाला शेंगदाणा लाडू देणार? घशात अडकेल.

राजगिरा_लाडू
त्या वयाला अंडं तरी अख्खं कुठे देणार आहात?

वाटाड्या_नाना
अंगणवाडीत नाव घाला. तिथे आहार मिळतो.

खडू_पाटी
मी अंगणवाडी सेविका आहे, जिल्हा सांगत नाही. मोबाईलवरून लिहितेय, चुका समजून घ्या.

अंडं की लाडू यावर चार प्रतिसाद झाले. मुलाचं नाव आमच्याकडे असेल तर तीन ते सहाच्या मुलाला गरम ताजा आहार मिळतो, सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, गरोदर बाईला मिळतो, बाळंतिणीला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत मिळतो. हा अन्नसुरक्षा कायद्याने, २०१३ पासून, त्यांचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही.

आधारवरून लोक अडतात. मुलाचं आधार नसलं तरी चालतं, पोषण ट्रॅकरला (आमच्या नोंदींचं सरकारी ॲप) आईच्या आधारवर नोंद होते. गावच्या अंगणवाडीत नाव आधीच असेल तर नवीन नोंद करायला गेल्यावर अडचण येते. तेव्हा आईला गावच्या सेविकेचा फोन लावायला सांगा. ती तिकडून स्थलांतर दाखवेल आणि इकडची सेविका नाव उचलेल.

आता तो दीड वर्षाचा मुलगा. बाकी सगळं थांबवा आणि त्याला आधी न्या. सेविकेकडे दंडघेर मोजायची पट्टी असते. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर तीव्र कुपोषण. सोबत ताप, सूज असेल किंवा भूक मेली असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागतं. तिथे आईला राहता येतं आणि बुडालेल्या मजुरीपोटी रोजचे थोडे पैसेही मिळतात, हे तिला आधीच सांगा. नाहीतर हजेरी बुडेल म्हणून ती येणार नाही. आणि दीड वर्षाचं मूल बसत नाही याला नुसतं कुपोषण समजून सोडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, ते अशा मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (वाढ-विकास मागे पडलेल्या मुलांसाठीचं केंद्र) पाठवू शकतं. पथकाची वाट मात्र बघत बसू नका, सरकारी रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

लसीचं कार्ड हरवलं म्हणून पहिल्यापासून सुरुवात करत नाहीत. घेतलेले डोस धरून पुढे चालतात. आईला विचारायचं, दंडावर बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) व्रण बघायचा, नर्सताई हिशोब लावून देतात.

एक तक्रारही लिहिते. लोक म्हणतात सेविका वस्तीत फिरकत नाहीत. एक खोली, एक मदतनीस, सर्वेक्षण, फोटो अपलोड, वजनं, आणि ती वस्ती कधी उठेल ते आम्हालाही कळत नाही. तुम्ही २६ नावांची यादी वयानिशी तयार करून नेलीत, तर ती बाई तुमचे उपकार मानेल.

उंबरठा
घरी न्यायच्या आहाराची पाकिटं म्हशीला घालतात. डोळ्यांनी पाहिलंय.

खडू_पाटी
काही घरी घालतात, खोटं नाही. चव आवडत नाही, शिजवायला वेळ नसतो. थालीपिठात मिसळून कसं करायचं ते एकदा करून दाखवलं की बरीच घरं खातात.

कलम_पस्तीस
सगळे दानधर्मावर बोलताय. ही जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. बांधकाम कामगार कायदा, १९९६, कलम ३५ मध्ये होतं: जिथे पन्नासपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतात तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळणारी बाई द्यावीच लागे. २०२५ मध्ये तो कायदा नव्या श्रमसंहितांत गेला, तरी आकडा हाताशी हवा. बायका मोजा. शिवाय बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर सरकारकडे जमा होतो, तो याच लोकांसाठी. बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेल्याची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. नोंदणी झालेल्या बाईला नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि शस्त्रक्रियेने झाली तर २०,००० रुपये मिळतात. तुमचे ६,००० घरी ठेवा आणि अर्ज करा.

पारिजात_सडा
बायका मोजल्या, ४१ भरतात. आणि मुकादम ९० दिवसांचा दाखला द्यायला तयार नाही, म्हणतो माझं नाव कुठे यायला नको.

कलम_पस्तीस
मोजणी हजेरीपटावरून करा, खोल्यांवरून नाही. बाहेरून येणाऱ्या बायकाही धरायच्या. दाखला महापालिकेकडूनही मागता येतो.

उंबरठा
मागता येतो, मिळतो का ते विचारा. मी आमच्याकडच्या वॉचमनच्या बायकोसाठी तीन महिने फेऱ्या मारल्या. शेवटी ती गावी गेली.

वाटाड्या_नाना
अंगणवाडीत आधी नाव घाला. बाकीचं नंतर.

बोरीचं_पान
शिक्षक होतो, आता निवृत्त. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण सहज वापरतो. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. गरिबाघरची आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला आली. मला म्हणायचंय की मुलांना ९०० मीटर चालवण्यापेक्षा अंगणवाडीच वस्तीत मागा. सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे: जिथे अंगणवाडी नाही आणि सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत, ती वस्ती अंगणवाडी मागू शकते, आणि तीन महिन्यांत ती द्यायची आहे.

समुद्रगाणी
बोर्डी नव्हे, कोसबाड.

बोरीचं_पान
सुरुवात बोर्डीला. कोसबाडच्या टेकडीवर संस्था नंतर, १९५७ मध्ये गेली. मी तिथे प्रशिक्षणाला राहिलो आहे.

पारिजात_सडा
सर, फार चांगली माहिती. पण आमची २६ च मुलं आहेत. आणि तीन महिन्यांत निम्मी वस्ती बदललेली असेल.

बोरीचं_पान
शेजारच्या साइटची मुलं मिळवून ४० करा. मागणी लिहून ठेवायला काय हरकत आहे? मुलं बदलली तरी वस्ती तिथेच राहते.

कांदेपोहे_९२
रेशनचं कुणीच बोललं नाही. ‘एक देश एक रेशनकार्ड’मध्ये छत्तीसगडच्या कार्डावरही इथे धान्य मिळतं. गावी सासू-सासरे असतील तर ते त्यांचा वाटा तिकडे उचलतात, उरलेला इथे. आमच्या मावशींना पहिल्या दुकानदाराने हाकललं, दुसऱ्याने दिलं. अंगठा लागत नव्हता, सिमेंटने बोटं घासलेली. तीन दिवस खोबरेल लावून गेल्या, मग लागला.

आणि त्या सातव्या महिन्यातल्या बाईला मातृवंदना योजनेचे पैसे मिळतील, ५,०००.

खडू_पाटी
५,००० पहिल्या बाळाला. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,०००. तिचं कितवं?

पारिजात_सडा
तिसरं.

खडू_पाटी
मग ते नाहीत. मंडळाचेही पहिल्या दोन बाळंतपणांनाच आहेत. पण सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण, येण्याजाण्याची गाडी हे सगळं मोफत आहे, कितवंही मूल असो. सातव्या महिन्यापर्यंत तपासणी नाही म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तदाब याच आठवड्यात बघा. माता-बाल संरक्षण कार्ड करून घ्या. ते कार्ड हातात असलं की पुढच्या गावातली नर्स तिला परत पहिल्यापासून विचारत नाही.

घाटमाथा
हे सगळं एका माणसाला जमायचं नाही. समाजकार्य शिकलेली एक मुलगी ठेवा. १८,००० मध्ये चांगली मिळते, लॅपटॉप तिचा तिचा असतो.

समुद्रगाणी
सहमत. आणि काहीही करा, वस्तीतल्या कुणाच्या हातात रोख पैसे देऊ नका. आम्ही एकदा दिले होते. पंधरा दिवसांनी ती कुटुंबासकट दुसऱ्या साइटवर.

चिंचेचा_कोळ
+१. वस्तीतलं माणूस टिकत नाही, तिचा इलाज नसतो. बाहेरचंच कुणी बघा, किंवा तुम्हीच पाळीपाळीने जा. पुण्यात डोअर स्टेप स्कूल या संस्थेचं बांधकाम साइटवरच्या मुलांसोबत जुनं काम आहे, त्यांनाही विचारा.

वाटाड्या_नाना
मीही हेच सांगणार होतो. बाहेरचं माणूस बघा.

पारिजात_सडा
अकरा दिवसांनी लिहितेय. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले आणि जवळजवळ सगळ्यांनी नको म्हटलं तेच केलं. रागावू नका.

वस्तीतलीच एक बाई नेमली. परभणीची आहे, सातवी शिकलेली, मराठी-हिंदी दोन्ही बोलते आणि छत्तीसगडीही कळते. बाळ पाच महिन्यांचं म्हणून कामावर जात नव्हती. महिना ४,५०० रुपये. सकाळी मोठ्या मुलांना रस्ता ओलांडून अंगणवाडीत पोचवायचं आणि परत आणायचं. लसीच्या दिवशी ज्या आयांची पाळी असेल त्यांना आदल्या रात्री आठवण करायची आणि सोबत जायचं. उरलेले १,५०० झेरॉक्स आणि दवाखान्याच्या रिक्षासाठी. बाहेरची मुलगी दहाला येऊन पाचला जाते, त्या वेळात वस्तीत आया नसतात. ही रात्री आठ वाजता त्यांच्यासोबत नळावर असते. म्हणून ती.

ती जाणार हे मलाही माहीत आहे, तीन-चार महिन्यांत. म्हणून चिंचेचा कोळ यांचं मनावर घेतलं. वहीत प्रत्येक मुलाचं एक पान आहे: जन्मतारीख, आईच्या आधारवर नोंद झाली का, कुठली लस झाली, वजन, गावच्या सेविकेचा नंबर. पानाची झेरॉक्स आईकडे, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत. ती बाई पुढच्या साइटवर गेली तर हेच काम कसं करायचं ते तिला माहीत असेल.

झालं ते असं. अंगणवाडीत १४ पैकी सहा जाताहेत. दोघं रडून परत आले. बाकीच्यांच्या आया म्हणतात धाकट्याला कोण सांभाळेल, कारण ती चार-पाच वर्षांची मुलंच घरी पाठच्या भावंडांना बघतात. हे मी मोजताना लक्षातच घेतलं नव्हतं, आणि यावर अजून उत्तर नाही. सातव्या महिन्यातल्या बाईचं हिमोग्लोबिन ७.८ निघालं, उपचार सुरू झाले. दीड वर्षाच्या मुलाचा दंडघेर ११.१. खडू पाटी ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही त्याला अंडी देत बसलो असतो. आई भरतीला तयार नव्हती. नवरा चार दिवस हो-नाही करत होता. शेवटी वहीवाल्या बाईने रात्री बसून समजावलं आणि काल सकाळी तिघं रिक्षाने गेले. डॉक्टर म्हणाले वजन सावरलं की शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवू.

समुद्रगाणी
पैसे आगाऊ देऊ नका, आठवड्याने द्या. एवढंच सांगते.

कलम_पस्तीस
हजेरीपट मिळाला का?

पारिजात_सडा
नाही अजून. मागितलाय.

खडू_पाटी
धाकट्यांसाठी त्या सेविकेला आणि मुख्यसेविकेला पाळणाघर जोडलेल्या अंगणवाडीबद्दल विचारा, सरकारच्या पाळणा योजनेत आहेत काही. जवळ नसेलही. तोवर धाकट्याला कडेवर घेऊन यायला सांगा, मी तरी कधी परत पाठवत नाही.

आणि रस्ता ओलांडताना एक लांब दोरी घ्या, हातभर अंतरावर गाठी मारा, एका मुलाला एक गाठ. पुढे ती बाई, मागे सर्वांत मोठं मूल. रडून परत आलेल्या दोघांना पहिली गाठ द्या.