नवी आवृत्ती आणा, पण जुनी त्याच दिवशी दुकानातून का उचलता?

टाइमलाइन_तात्या
ॲपलचं व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर फायनल कट प्रो एक्स आठवतंय? २१ जून २०११. ॲपलनं सगळं मुळापासून नव्यानं लिहून ३०० डॉलरला बाजारात आणलं. मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र जुळवून संपादन) गायब. ईडीएल (कटांची यादी), ओएमएफ (आवाजाचं काम दुसऱ्या सॉफ्टवेअरात नेणारी फाइल) निघत नाही, मग साउंडवाल्याकडे काम पाठवायचं कसं? टेपवर उतरवायची सोय नाही. आणि कळस म्हणजे आधीच्या फायनल कट ७ चे प्रोजेक्ट उघडतच नाहीत! संपादक त्याला ॲपलच्याच घरगुती व्हिडिओ सॉफ्टवेअरवरून 'आयमूव्ही प्रो' म्हणून चिडवत. अमेरिकी टीव्हीवरच्या कोनन ओब्रायनच्या विनोदी कार्यक्रमातही त्याची टर उडवली गेली.

हे सगळं मी एक वेळ सोडून देईन. नव्यानं लिहिताना काही राहतंच. पण त्याच वेळी ७ ची विक्री बंद केली, हे कुठलं शहाणपण? मालिका अर्ध्यावर आली आहे, आणखी एक मशीन लावायचंय, तर परवाना आणायचा कुठून?

रेंडर_बाबू
असहमत. ७ हे ३२ बिटी होतं, ४ जीबीच्या वर मेमरी वापरता येत नव्हती. भाडेकरू आत ठेवून इमारतीचा पाया बदलत नाहीत, तात्या. एक्सएमएल (प्रोजेक्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरात नेण्याची फाइल) त्याच सप्टेंबरात आलं, मल्टिकॅम जानेवारी २०१२ मध्ये. आणि ७ ज्यात मिळायचं त्या हजार डॉलरच्या संचाऐवजी ३०० डॉलर, हे कसं विसरता?

टाइमलाइन_तात्या
मल्टिकॅमला सात महिने लागले. तोवर चॅनलवाला थांबतो का? ॲडोबीनं हे बरोबर हेरलं, फायनल कटवाल्यांना ५० टक्के सवलत देऊन प्रीमियर या आपल्या संपादन सॉफ्टवेअरकडे ओढलं.

बरं, ॲपलला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता असंही नाही. २००७ मध्ये आयमूव्ही '०८ आणताना असंच केलं होतं, नेहमीची टाइमलाइनच (क्लिप ओळीनं मांडायची पट्टी) काढून टाकली. पण तेव्हा '०८ घेणाऱ्यांना जुनी आयमूव्ही एचडी ६ फुकट उतरवून घेता येत होती. दोन्ही सॉफ्टवेअरांमागे ॲपलचा रँडी उबिलोसच. घरगुती व्हिडिओवाल्यांना जी सवलत दिली, ती धंदेवाल्यांना नाही!

हौशी_फ्रेम
मी शिकलोच एक्सवर. मॅग्नेटिक टाइमलाइनवर क्लिप हलवली की बाकीच्या आपोआप सरकतात, ट्रॅक (चित्र-आवाजाचे वेगवेगळे थर) सांभाळत बसावं लागत नाही. ज्येष्ठांचा निम्मा राग बोटांच्या सवयीचा आहे, असं माझं मत. (मारू नका.)

टाइमलाइन_तात्या
मारत नाही. टाइमलाइन चांगली आहे, मान्य. पण ओएमएफ नसणं ही बोटांची सवय नव्हे. समोरच्या माणसाला फाइल द्यायची असते.

कोथरूडची_काकू
व्हिडिओचं मला कळत नाही. आमच्या बँकेनं (नाव घेत नाही) नव्या ॲपमधून जुन्या वर्षांचं स्टेटमेंट काढून टाकलं. विचारलं तर म्हणे, "ॲप आता सोपं झालंय, मॅडम." कुणासाठी सोपं?

रेंडर_बाबू
काकू, तुमची तक्रार रास्त. पण तात्यांच्या मुद्द्याचा उलटा पुरावा देतो. 'पॅरासाइट' हा कोरियन चित्रपट, ज्याला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तो फायनल कट ७ वरच संपादित झालाय. म्हणजे कुणाच्या मशीनमधून कुणी काही हिसकावलं नव्हतं.

टाइमलाइन_तात्या
हा पुरावा माझ्याच बाजूनं आहे, बाबू! बंद पडून इतकी वर्षं झालेलं सॉफ्टवेअर लोक जपून वापरतात, म्हणजे त्यात काहीतरी होतं. शिवाय मॅकच्या २०१७ च्या हाय सिएरा प्रणालीवर ते चालत नाही. म्हणजे ७ टिकवायचं तर मॅकही जुन्या प्रणालीवरच ठेवा. आणि ॲपलला स्वतःलाही पुढे फोनवरून ७ ची मर्यादित विक्री पुन्हा सुरू करावी लागली होती. चुकलं नव्हतं तर कशाला?

रेंडर_बाबू
विक्री चालू ठेवायला हवी होती, एवढं मान्य. पण किती वर्षं? दोन? दहा? आणि त्यातले बग दुरुस्त करायला माणसं कोण ठेवणार?

टाइमलाइन_तात्या
दुरुस्त्या नकोतच. जुने प्रोजेक्ट नव्यात उघडेपर्यंत विकत राहा, बस.