डोईपट्टी आणि रोबची वाट

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीने १८५५ साली कायदा करून चिनी लोकांचे येणे थांबवले, हे आपले विधान मला अपुरे वाटते. त्या कायद्याने प्रत्येक चिनी प्रवाशामागे १० पौंड डोईपट्टी बसवली आणि जहाजाच्या दर १० टनांमागे एकच चिनी प्रवासी आणता येईल असे बंधन घातले; पण शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात तसा कायदा नसल्याने जहाजांचे कप्तान प्रवाशांना रोब या लहानशा बंदरात उतरवू लागले आणि तेथून ती माणसे, बहुतेक ग्वांगडोंग प्रांतातली, व्हिक्टोरियातील बॅलरॅट व बेंडिगोच्या सोन्याच्या खाणींपर्यंत शेकडो किलोमीटर पायी चालत गेली. १८५७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियानेही कायदा केला. न्यू साउथ वेल्स या तिसऱ्या वसाहतीचा कायदा १८६१चा, तोही तेथील लँबिंग फ्लॅट या सोन्याच्या खाणींच्या ठिकाणी चिनी खाणकामगारांवर जमावाने हल्ले केल्यानंतरचा. म्हणजे ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यावरच निर्बंध आले, आणि हा अन्याय मला सर्वांत जास्त टोचतो.

या वसाहतींचे मिळून ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाल्यावर १९०१ साली त्याने केलेल्या प्रवेशबंदीच्या कायद्यात तर वंशाचा उघड उल्लेखही नव्हता. युरोपीय भाषेतील ५० शब्दांचे श्रुतलेखन घ्यायचे आणि भाषा अधिकाऱ्याने निवडायची, त्यात माणूस नापास झाला की एवढ्यावर चिन्यांप्रमाणेच भारतीय माणसालाही परत पाठवता येत असे.