"इथलं वर्ष तिकडे धरतात" ही थाप आता पुरे

खडूस_मास्तर
परवा एका समुपदेशक बाईंची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. म्हणे सीईटीला कमी पडलात, हवी ती ब्रँच नाही मिळाली, तरी घाबरू नका, इथे एफई, म्हणजे इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, करा आणि सेकंड इयरला थेट अमेरिकेत ट्रान्सफर घ्या, इथलं वर्ष तिकडे धरतात, एका वर्षाची फी पण वाचते. खाली पालकांची ही रांग, "डिटेल्स पाठवा मॅडम".

अहो बाई, धरतात म्हणजे नक्की काय धरतात? तिकडे डिग्रीला साधारण १२० क्रेडिट, म्हणजे विषय पास केल्याचे पॉइंट, लागतात. त्यात आपलं मॅथ्स, फिजिक्स, नशीब असेल तर प्रोग्रॅमिंग लागू पडतं. वर्कशॉपमध्ये लोखंड घासलं आणि रात्रभर जीटी मारून, म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याचं छापून, ड्रॉइंगच्या शीटा पूर्ण केल्या, त्याचे क्रेडिट घेतलेच तरी इलेक्टिव्हच्या, म्हणजे ऐच्छिक विषयांच्या, खात्यात ढकलतात, डिग्री त्याने एक दिवसही आधी मिळत नाही. उलट तिकडची पोरं पहिल्या वर्षी रायटिंग, इतिहास असलं काय काय करतात ते आपल्या पोराकडे नसतंच, ते वर करायचं. आणि हा हिशोब बऱ्याच ठिकाणी अ‍ॅडमिशन झाल्यावर हातात पडतो, तोवर डिपॉझिट भरलेलं असतं.

फी वाचते हे तर फारच भारी. मोठ्या स्कॉलरशिपा बहुतेक फ्रेशमनना, म्हणजे पहिल्या वर्षापासून येणाऱ्यांना, बाहेरदेशच्या ट्रान्सफरवाल्याला उरलंसुरलं. मोठ्या नावांचं तर बोलूच नका, प्रिन्स्टनने १९९० मध्ये ट्रान्सफर बंद केलेलं ते २०१८ ला परत चालू केलं, ते पण मूठभर जागांसाठी.

फ्रीमॉन्टची_मावशी
मास्तर, तुम्ही स्टाफरूममध्ये बसून अमेरिका बघताय. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेज नावाचा प्रकार आहे, डी अँझा, फूटहिल, सँटा मोनिका, नावं ऐकली असतील. तिथे दोन वर्षं करायची आणि मग यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर. टॅग (ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी) म्हणून करार असतो, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या सहा ठिकाणी, ठरलेले मार्क आणि विषय असले की अ‍ॅडमिशन पक्की, इंटरनॅशनलला पण. माझी भाची सांगलीची, बारावीनंतर इथे आली, आता डेव्हिसला आहे. आणि एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आधीच इथे असलं की ट्रान्सफरला नुसतं सेविस रेकॉर्ड (सरकारकडची विद्यार्थ्याची नोंद) हलतं, नवीन आय-२० (कॉलेज देतं तो व्हिसाचा कागद) मिळतो, व्हिसाची मुदत असेल तर परत मुलाखतीची कटकट नाही.

खडूस_मास्तर
मावशी, बाईंनी एफई करून जा म्हटलंय, तुम्ही बारावीनंतर जा म्हणताय. एसटीचं विचारलं की तुम्ही लोकलचं टाइमटेबल काढता. शिवाय तुमच्या भाचीला राहायला-जेवायला मावशीचं घर होतं, बाकीच्यांनी कुणाकडे जायचं? बर्कली आणि यूसीएलए टॅगमध्ये नाहीत हे पण सांगा की. कॉम्प्युटर सायन्स काही कॅम्पसवर टॅगमधून वगळलंय ते कोण सांगणार? आणि यूसीत गेल्यावर बाहेरच्यांना नेहमीच्या फीवर वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर जादा पडतात.

फ्रीमॉन्टची_मावशी
एफई करून आलात तरी टॅग मिळतो, यूसीच्या आधीचं शेवटचं कॉलेज कम्युनिटी कॉलेज हवं आणि किमान ३० सेमिस्टर युनिट, म्हणजे क्रेडिटच, तिथले हवेत, बास. माहिती नसेल तर विचारावं, टोमणे मारू नयेत. आणि हो, राहिली माझ्या घरी, मग? मराठी माणसाने नातेवाईकाकडे राहू नये असा कायदा झालाय का?

सातारी_तर्री
तुमचं टॅग-बिग राहू दे, मी सध्या यातूनच चाललोय. क्रेडिटचं नंतर बघू, आधी कागद तर निघू देत. प्रत्येक विषयाचा सिलॅबस, प्रत्येक पानावर शिक्का. खिडकीवरचे म्हणतात साहेब रजेवर, साहेब आले तर शिक्का त्यांच्या कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात घेतलं तर ती युनिव्हर्सिटी म्हणते थेट ईमेलने पाठवायला सांगा, आमचे ऑफिसवाले म्हणतात तसा नियम नाही. त्यात मिड-टर्म रिपोर्ट मागतात, म्हणजे चालू सेमच्या प्रत्येक विषयात आत्तापर्यंत काय ग्रेड चाललीय ते प्रोफेसरच्या सहीने. एचओडींना (विभागप्रमुखांना) वाटलं मी पेपर फोडायला आलोय. सेम टूचा निकाल लागेपर्यंत तिकडे कॉलेज सुरू व्हायची वेळ.

कोथरूडचा_बाप
म्हणूनच आम्ही एफई दाखवलंच नाही. गॅप इयर लिहिलं आणि फ्रेशमन म्हणून अर्ज केला. सिलॅबस नाही, शिक्के नाहीत, वर स्कॉलरशिप पण मिळाली. सगळेच करतात.

खडूस_मास्तर
हे अभिमानाने सांगताय? फॉर्मवर बारावीनंतर जिथे जिथे प्रवेश घेतला ती सगळी कॉलेजं लिहा असं असतं आणि खाली मुलाची सही असते, माहिती खरी आहे म्हणून. उद्या कळलं तर अ‍ॅडमिशन रद्द, अगदी डिग्री झाल्यावरही काढून घेऊ शकतात. एफ-१ कॉलेजमुळे असतो, कॉलेज गेलं की तो पण गेला. सही पोराची आणि शहाणपण बापाचं.

कोथरूडचा_बाप
कोण कळवणार? तुम्ही? आणि सहीबद्दल तुम्ही मास्तर लोकांनी बोलूच नये. रेको लेटर, म्हणजे शिफारसपत्र, मागायला गेलं की "तूच लिहून आण, मी सही करतो" हे कोण म्हणतं? ते खरं का?

ताम्हिणी
🔥 मुद्दा आहे. माझं लेटर मीच लिहिलेलं, सरांनी फक्त माझ्या नावाचं स्पेलिंग चुकवून दिलं.

सातारी_तर्री
माझं तर मागच्या वर्षीच्या मुलाचंच निघालं, खाली "ही इज" आणि मधेच "शी हॅज".

खडूस_मास्तर
आमच्याकडे एकेका वर्गात सत्तर पोरं, डिसेंबरात सगळी एकदम येतात, लेटर लिहायचे वेगळे पैसे कोणी देत नाही. लेटर मुलाने लिहिलं तरी मी वाचून, खोडून सही करतो. एक अख्खं वर्ष लपवणं आणि हे एकच, असं ज्याला वाटतं त्याच्याशी काय बोलणार.

कोथरूडचा_बाप
गरिबांना नीती शिकवायला सोपं असतं. आमचं घर गहाण आहे. तुमच्या पगारातून भरणार का हप्ते?

ताम्हिणी
काका, घर गहाण ठेवून खोटं लिहिलंत म्हणजे जोखीम डबल केलीत, एवढं तरी बघा. माझ्या ओळखीतल्या मुलाने खरं सगळं लिहून ट्रान्सफर घेतलं, एका स्टेट युनिव्हर्सिटीत. बोंब झाली ती दुसरीकडेच. तिकडच्या प्रवेशाचा निकाल मे महिन्यात आला आणि २०२५ ला २७ मे ते १८ जून विद्यार्थी व्हिसाचे नवीन स्लॉटच बंद होते, उघडले तेव्हा सोशल मीडिया पब्लिक करा ही अट. शेवटी जानेवारीवर ढकललं. म्हणजे वर्ष वाचायचं सोडा, सहा महिने गेले. त्यामुळे मूळ पोस्टबद्दल मास्तर बरोबर, आवाज चढवला नसता तरी बरोबरच होते.

फ्रीमॉन्टची_मावशी
हो हो, मास्तर बरोबर, एकदाचं लिहून टाकते. एफई करून वर्ष वाचत नाही. पण पोराला मेकॅनिकलमध्ये रस नाही आणि तो दुसरं काही शिकायला चाललाय, तर वर्ष वाचलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? तुम्ही सगळे हिशोब महिन्यातच मांडता.

खडूस_मास्तर
मावशींचं ते टॅगचं मी वाचून आलो, ३० युनिटवालं खरं आहे. तरी ज्याचं कोणी तिकडे नाही त्याला राहण्याचा खर्च धरून किती पडतं ते मांडा, मग बोलू.
सातारी, एचओडीकडे नुसता फॉर्म नेऊ नकोस, युनिव्हर्सिटीच्या सूचनांची प्रिंट जोड. आणि विषय शिकवणाऱ्यांच्या सह्या आधी घे, त्यांचे इंटर्नल मार्क तयार असतात.

सातारी_तर्री
सर, दोघांच्या मिळाल्या. तिसरे म्हणाले तूच ग्रेड लिहून आण, मी सही करतो.