पेकनचे बार केकसारखे फुगतात, चिवटसर कसे करायचे?

प्रश्न
ब्राऊन शुगर आणि पेकनचे (अक्रोडासारखा सुकामेवा) बार दाताखाली किंचित चिवट आणि आतून ओलसर हवे आहेत. सध्याचं माप: ११५ ग्रॅम बटर, १ कप ब्राऊन शुगर, २ अंडी, दीड कप मैदा, १ टीस्पून बेकिंग पावडर, मूठभर पेकन. बटर आणि साखर बीटरने फेटून, २० सेंटिमीटरच्या चौकोनी काचेच्या भांड्यात, १७५ अंश सेल्सिअसला ३५ मिनिटं. बार फुगून केकसारखे होतात, कडा कडक. काय बदलू? बटर तांबूस होईपर्यंत कढवून घातलं तर चालेल का?

प्रतिसाद १
आधी बीटर बाजूला ठेवा. मऊ बटर साखरेबरोबर फेटलं की त्यात हवा भरते, आणि तीच ओव्हनमध्ये फुगते. बटर वितळवून कोमट होऊ द्या, त्यात साखर घालून मिनिटभर हातानेच ढवळा. बटर गरम असताना अंडं घातलं तर ते शिजून गुठळ्या होतात.

माप असं घ्या: ११५ ग्रॅम बटर, २०० ग्रॅम ब्राऊन शुगर, १ अख्खं अंडं आणि १ पिवळा बलक, २ टीस्पून व्हॅनिला, अर्धा टीस्पून मीठ, १२५ ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पेकन. बेकिंग पावडर पाव टीस्पून पुरते. दुसऱ्या अंड्याचा पांढरा भाग मुद्दाम वगळला आहे, त्याने बार फुगतात आणि कोरडे पडतात.

मैदा वजनावरच घ्या. कप मैद्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत मावतो, चमच्याने हलकेच भरला तर साधारण १२०. म्हणजे तुमच्या दीड कपात १८० ते २२५ ग्रॅम, काहीही असू शकतं! मैदा घातल्यावर कोरडा भाग दिसेनासा झाला की थांबा.

प्रतिसाद २
कडा कडक होण्यामागे भांडं आणि वेळ दोन्ही आहेत. काच उशिरा तापते, पण उष्णता धरून ठेवते. बाहेर काढल्यावरही कडा शिजत राहतात. फिक्या रंगाचा धातूचा टिन वापरा. काचच असेल तर तापमान १० ते १५ अंशांनी कमी करा.

३५ मिनिटं फार झाली. धातूच्या टिनमध्ये २२व्या मिनिटापासून बघायला लागा. टूथपिक स्वच्छ निघाली तर उशीर झालेला असतो. तिला ओलसर कण चिकटायला हवेत, पातळ पीठ नाही. बटर पेपरच्या कडा टिनबाहेर ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावरच उचलून कापा. गरम असताना मधला भाग सुरीला चिकटून फाटतो.

प्रतिसाद ३
बटर जरूर कढवा, पेकनशी ती चव फार छान जमते. फक्त बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं आणि कढवताना ते उडून जातं. ते भरून काढायला १ टेबलस्पून दूध घाला, नाहीतर मिश्रण तेलकट आणि भुसभुशीत होतं. तळाचे तांबूस कण टाकू नका, पण काळे झाले तर ते कडवट लागतात.

पेकन १७५ अंशांवर ७-८ मिनिटं भाजून, गार करून जाडसर चिरा. न भाजलेले पेकन ओल्या पिठात मऊ पडतात.

प्रश्नकर्ता
ब्राऊन शुगर संपली तर नुसती पांढरी साखर चालेल का?

प्रतिसाद १
नुसती नको. ब्राऊन शुगरमधली काकवी ओल धरून ठेवते, चिवटपणा बराचसा तिथूनच येतो. २०० ग्रॅम पांढऱ्या साखरेला १ टेबलस्पून काकवी चोळून एकजीव करा. रंग आणि चव गडद हवी असेल तर २ टेबलस्पून.