एकटाकी म्हणजे नक्की काय?

पाठकोरी
मंडळी, एक शब्द अडलाय आणि सोमवारी कव्हर छपाईला जातंय, म्हणून घाईत विचारते. माझ्या नव्या कादंबरीच्या मागच्या पानावर संपादकांनी "लेखिकेने ही कादंबरी एकटाकी लिहिली आहे" असं वाक्य घातलंय. मी फोन करून म्हटलं अहो एकटाकी कुठली, कित्येक वर्षं खपलेय मी त्यावर, मधला अख्खा भाग काढून टाकलाय, निवेदक बदललाय, शेवट तर किती वेळा बदलला ते मलाच आठवत नाही. तर ते म्हणतात, ताई, एकटाकी म्हणजे झटक्यात लिहिलेली असं कुठंय, एकटाकी म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसंध, कुठे जोड दिसत नाही अशी. मला तर आजवर एकटाकी म्हणजे एका बैठकीत, खाडाखोड न करता, एवढंच माहीत. कोण बरोबर? आणि दोन्ही अर्थ चालत असतील तर वाचणारा कुठला घेईल?

बोरूबहाद्दर
तुमचं बरोबर, त्यांचं चूक. टाक म्हणजे दौतीत बुडवून लिहायची लेखणी. एकदा टाक उचलला की लिहून होईपर्यंत खाली ठेवला नाही, ते एकटाकी. संपादक लोक हल्ली शब्द कानावरून उचलतात आणि वाटेल तिथे चिकटवतात. विषय संपला.

मोडीवाचक
एवढ्यात संपवू नका साहेब. बोरूनं कधी लिहून बघितलंय का? मी मोडी शिकताना हौसेनं लिहिलंय. एकदा बुडवला की काही अक्षरं होतात की परत दौत. शिवाय लिहिता लिहिता टोक झिजतं, अक्षर जाड व्हायला लागतं, मग चाकूनं परत तोडायचं, तोडलं की अक्षर एकदम बारीक. म्हणजे पानावर टाकाची तब्येत दिसते, कुठे थकलाय, कुठे नवा तोडलाय. आता दासबोध काढा, एकोणिसावा दशक, पहिलाच समास, लेखनक्रियानिरूपण. समर्थ म्हणतात पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत जात राहावं, "येका टांकेंचि लिहिलें । ऐसें वाटे". ऐसें वाटे! लिहिलं असं नाही, वाटे. मधे कितीही टाक तोडलेत तरी बघणाऱ्याला कळता कामा नये, कौशल्य ते. त्याच समासात पुढे टांकतोडणी, ठिकठिकाणचे बोरू, शाई, हिंगूळ, सगळं आलंय. ताई, तुमचे संपादक नकळत समर्थांच्या बाजूनं बोलतायत.

पाठकोरी
अरे देवा. हे त्यांना मी दाखवणार नाही.

बोरूबहाद्दर
मोडीवाचक, ओवी छान काढलीत पण लागू होत नाही. समर्थ कुणाला सांगतायत? नकला करणाऱ्याला. समोर पोथी तयार आहे, ती सुबक अक्षरात उतरवायची आहे. त्या काळी लिहिणारा वेगळा आणि रचणारा वेगळा असू शकायचा. कादंबरीकाराला समोर पोथी नसते, तो रचतोही आणि उतरवतोही. अक्षराचा एकसारखेपणा आणि मजकुराचा एकसारखेपणा ह्या दोन गोष्टी आहेत.

कऱ्हाकाठ
मी जरा वेगळंच ऐकलंय. आमच्या आज्जीच्या वेळेला दारावर टाकीवाले यायचे, जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावून द्यायचे. पाथरवटाची छिन्नी म्हणजे टाकी. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" मधली टाकी तीच. तर एकटाकी म्हणजे एकाच टाकीच्या घावात घडवलेली मूर्ती, असं आमचे मराठीचे सर सांगायचे. आणि ते हे कौतुकानं नाही तर टिंगलीनं म्हणायचे, की एका घावात कुठं देव होतो का, दगडच राहतो.

बोरूबहाद्दर
सर गमतीत बोलले असतील. उद्या कुणी म्हणेल देवघरातला चांदीचा टाक, त्यावर एकच देव कोरलेला म्हणून एकटाकी.

शुद्धलेखन
दोन्हींचे मूळ संस्कृत टङ्क. त्यावरूनच टाकसाळ, त्यावरूनच टंकलेखन. त्यामुळे लेखणी की छिन्नी हा वाद निरर्थक आहे, टोकदार हत्यार एवढाच अर्थ. जाता जाता: 'कव्हर' काय? मुखपृष्ठ, मलपृष्ठ हे शब्द असताना लेखिकांनीच असे लिहावे हे खेदजनक आहे.

मोडीवाचक
छिन्नी म्हणजे जी टाकी ती आणि टाकसाळ टंकावरून, मान्य. लेखणीचा टाकही तिथूनच आला हे मात्र तुम्ही ठोकून दिलंत. आवाज जुळला म्हणजे नातं जुळत नाही, नाहीतर 'लिहून टाकणे' मधलं टाकणेही त्यातच ढकला.

अटलांटिकपार
मी इथे न्यू जर्सीत बसून एका लेखावर अनुवादाचं काम करतोय आणि अगदी हाच शब्द वापरलाय, आता पोटात गोळा आला. जॅक केरुआक ह्या अमेरिकन कादंबरीकाराबद्दल आहे. त्यानं 'ऑन द रोड' १९५१ च्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांत टाईप केली, कागद बदलायला थांबायला नको म्हणून कागद एकमेकांना चिकटवून साधारण १२० फुटांची गुंडाळीच करून मशीनमध्ये घातली. मी लिहिलं "एकटाकी". पण पुढच्याच परिच्छेदात येतं की त्याआधी कित्येक वर्षं तो वह्यांमध्ये त्याच प्रवासाची टिपणं आणि सुरुवाती लिहित होता, आणि पुस्तक आलं १९५७ ला, मधे भरपूर बदल होऊन. मग ती गुंडाळी एकटाकी, की पुस्तक एकटाकी, की काहीच नाही?

बोरूबहाद्दर
गुंडाळी एकटाकी. पुस्तक नाही.

टंकक
मी बरीच वर्षं पुण्यात टायपिंगचा व्यवसाय केला, लेखकांची बाडं टाईप करून द्यायचो, त्यामुळे थोडं बोलतो. समोर येऊन "एकटाकी लिहून काढलं हो" म्हणणारे खूप भेटले. बाड उघडलं की पानाच्या उजवीकडे मजकूर, डावा समास दुमडून त्यात दुसरा मजकूर, समासातून बाण निघून मागच्या पानावर, तिथे "पान ४१ अ पाहा", आणि ४१ अ म्हणजे डिंकानं चिकटवलेली पट्टी, ती उचलली की खाली जुना परिच्छेद, तोही खोडलेला. एका गृहस्थांच्या बाडात पट्टीवर पट्टी चढून पान पुठ्ठ्यासारखं कडक झालेलं, रोलरमधनं फिरणार नाही असं. मी ते बघून टाईप करायचो आणि माझ्या हातातनं जी प्रत बाहेर पडायची ती स्वच्छ, एकसारखी. म्हणजे एकटाकी कोण, तर मी.

मोडीवाचक
ह्याला म्हणतात येका टांकेंचि लिहिलें ऐसें वाटे 😄

पाठकोरी
टंकक काका, पट्ट्यांवरून आठवलं म्हणून सांगते, मी विमा कंपनीत आहे, आमच्याकडे रद्दीत जाणाऱ्या छापील फॉर्मांचे पाठकोरे कागद मिळतात, मी त्यावरच लिहिते. कोरी करकरीत वही समोर आली की माझा हात थिजतो, पाठकोऱ्यावर वाटतं की नाहीतरी रद्दीच आहे, लिही काहीतरी. फॉर्मचे रकाने मागून पुसट दिसत असतात, 'वारसाचे नाव' वगैरे, एका पात्राचं आडनाव मी तिथूनच घेतलंय. मग ते टाईप करते, मग मोबाइलवर मोठ्यांदा वाचून रेकॉर्ड करते आणि भाकऱ्या करताना ऐकते. ऐकताना जिथे माझंच लक्ष तव्याकडे जातं तिथे मजकूर सैल आहे असं समजायचं, पीठाच्या हातानंच मिनिट-सेकंद कॅलेंडरवर लिहून ठेवते. हे जमायला दोन कादंबऱ्या वाया गेल्या. त्याआधी जे जे वाचलं ते सगळं करून बघितलं. हेमिंग्वे म्हणायचा पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच थांबा, म्हणजे उद्या सुरुवात सोपी जाते. मी थांबले तर रात्रभर डोक्यात तेच, सकाळी ऑफिसात डुलक्या. मुराकामी पहाटे चारला उठून पाच-सहा तास लिहितो, मग पळतो नाहीतर पोहतो. मी चारला उठले तर पाचला पाण्याची मोटर लावायची असते. म्हणून एकटाकी हा शब्द मला इतका टोचतोय. नवीन लिहिणारी मुलं मागचं पान वाचून म्हणणार की बघा, बाईंना एका झटक्यात सुचलं, आपल्याला सुचत नाही म्हणजे आपल्यात नाहीच काही.

अटलांटिकपार
ट्रॉलप आठवला, एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. पोस्टखात्यात नोकरी, आणि सकाळी साडेपाचला टेबलावर घड्याळ ठेवून तीन तास, दर पंधरा मिनिटाला २५० शब्द. असा कोण एकटाकी असेल तर तोच.

पाठकोरी
त्याला कॉफी घेऊन उठवायला नोकर होता, आणि त्या कामाचे ट्रॉलप नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देत होता, हे त्यानंच आत्मचरित्रात लिहिलंय. पाच पौंडाचं तेवढं बघा कुणीतरी माझ्यासाठी.

कऱ्हाकाठ
ह. ना. आपट्यांचं काय मग? 'करमणूक' साप्ताहिक १८९० ला सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात हप्त्याहप्त्यानं छापली. मागचा हप्ता लोकांच्या घरात पोचलेला, आता यमू तिथे असं बोलायला नको होती असं वाटलं तरी करणार काय. हे नाइलाजाचं एकटाकी. आणि बघा, मधे आठवडा जातो तरी ते एकटाकी, आणि एका रात्रीत लिहून दुसऱ्या रात्री दुरुस्त केलं तर नाही. म्हणजे वेळेचा संबंधच नाही, मागे न जाण्याचा आहे.

बोरूबहाद्दर
हा मुद्दा मात्र चांगलाय. पण मग दस्तयेव्हस्की? 'जुगारी' त्यानं १८६६ मध्ये २६ दिवसांत तोंडी सांगितली, ॲना लघुलिपीत उतरवून घ्यायची. टाकाला हातच नाही लावला.

अटलांटिकपार
आणि मी व्हॉइस टायपिंग करतो. एकबोली म्हणायचं का? ती तर 'नायिका हसली' ची 'नायिका फसली' करते, ते दुरुस्त केलं की एकटाकीपण गेलं 😀

शुद्धलेखन
वर 'ड्राफ्ट' हा शब्द अजून कुणी वापरला नाही हे नशीब. पण 'प्रोसेस' येईलच लवकर. लेखनप्रक्रिया म्हणावे.

पाठकोरी
मी नाशिकची आहे हो. प्रक्रिया म्हटलं की मला कांदा निर्जलीकरण केंद्र दिसतं. माझी लिहायची जी काही तऱ्हा आहे तिला मी घरात 'माझी बैठक' म्हणते. ड्राफ्टला मसुदा म्हणते.

शुद्धलेखन
मसुदा अरबी आहे.

मोडीवाचक
आहेच, आणि काय सुंदर आहे. काळं करणं ह्या अर्थाच्या धातूवरून आलाय. आपण 'पांढऱ्यावर काळं करणं' म्हणतो ते आणि मसुदा, एकच कल्पना. आणि साहेब, कागद फारसी, शाई फारसी, दौत अरबी, कलम अरबी. सगळं काढून टाकलं तर ताईंनी लिहायचं कशावर नि कशानं?

शुद्धलेखन
प्रारूप हा शब्द आहे.

कऱ्हाकाठ
प्रारूप ग्रामपंचायतीच्या मतदार यादीचं असतं. खर्डा म्हणा की. अस्सल आपला शब्द. खरडायचं, तो खर्डा. खर्डेघाशी त्यावरूनच.

टंकक
खर्डा हाच शब्द होता आमच्या धंद्यात. "कच्चा खर्डा आणलाय की पक्का" असं विचारायचो, दर वेगळे असायचे.

पाठकोरी
हो पण खर्डेघाशी म्हणजे कारकुनी, ती मी दिवसभर करतेच, संध्याकाळी परत खर्डाच का. असो. संपादकांना मी "एकटाकी" काढून "सलग सुराची" असं सुचवलंय. त्यांचं म्हणणं आहे की सलग सुराची म्हणजे रटाळ वाटते. अजून कुणाकडे शब्द असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

अटलांटिकपार
खर्डा म्हणजे मला फक्त मिरचीचा माहीत. कोल्हापूरला मामाकडे. तो पण खरडण्यावरूनच का?

कऱ्हाकाठ
मग काय. तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, तेल, मीठ, आणि तांब्याच्या बुडानं तिथंच रगडायचं. तवा खरडून निघतो तो खर्डा.

बोरूबहाद्दर
तो ठेचा झाला.

कऱ्हाकाठ
ठेचा खलबत्त्यात नाहीतर पाट्यावर ठेचतात. खर्डा तव्यात. कादंबरीचं काय ते तुम्ही सांगा, हे मला सांगू नका.

बोरूबहाद्दर
आमच्या विदर्भात तव्यावर रगडलेल्यालाही ठेचाच म्हणतात, आणि त्यात शेंगदाणे नसतील तर लोक उठून जातात.

टंकक
शेंगदाणे खर्ड्यात पण घालतात की. जाडसर कूट.

कऱ्हाकाठ
काका, शेंगदाणे घातले की तिखट मरतं, मग त्याला चटणी म्हणा.